आधी खुर्ची, मग रंकाळा

अंगानं जाड असलेल्या माणसाला सल्ला द्यायला कुणाला साधी ओळखही लागत नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, दुकानात कापड बघताना कुणीही जवळ येतं आणि सांगून जातं: भात बंद करा, उठल्या उठल्या गरम पाण्यात लिंबू-मध घ्या, रोज दहा हजार पावलं चाला. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण हे सल्ले हलक्या अंगाच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेले असतात. ज्याचं वजन शंभर किलोच्या पुढे गेलंय, ज्याचे गुडघे रात्री ठणकतात, ज्याला अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबावं लागतं, त्यानं उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नाही.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते. वजन कमी करायचंय म्हणून माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. येतात ते गुडघा, कंबर, टाच घेऊन. तपासायला लागले की मी काही विचारायच्या आधीच खाली मान घालून म्हणतात, ‘वजन वाढलंय हो, माझंच चुकतंय.’ हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. कारण बहुतेक वेळा त्यांना सांगितलेली सुरुवातच चुकीची असते. पहिल्याच दिवशी झेपणार नाही असं काहीतरी करायला सांगतात, ते अर्थातच झेपत नाही, आणि मग आपल्यात जिद्दच नाही असं मनात घट्ट बसतं. ते एकदा बसलं की काढायला गुडघ्याच्या सुजेपेक्षा जास्त वेळ लागतो. झेपेल तेवढीच सुरुवात करायची, मग ती कितीही लहान दिसो. यातला खरा उपचार तोच, असं माझं ठाम मत आहे. ते मी पुस्तकांतून थोडं शिकले आणि माझ्या थोरल्या बहिणीकडून, आक्काकडून, पुष्कळ शिकले.

आक्का पन्नाशी ओलांडलेली. घरचं किराणा दुकान आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत ती गल्ल्यावर बसून असते. मधल्या वेळात आत जाऊन सहा माणसांचा स्वयंपाक. वजन एकशे चार किलो, जोडीला रक्तदाब आणि मधुमेहाची सुरुवात. गुडघे दाखवायला ती एका मोठ्या दवाखान्यात गेली तेव्हा तिला सांगितलं, आधी वीस किलो कमी करा, मग या. कसे कमी करायचे, ते सांगितलं नाही. तिनं फाइल कपाटावर टाकली आणि पुढची दोन वर्षं त्याविषयी चकार शब्द काढला नाही. गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही, चालणं नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून गुडघे आणखी दुखतात. या चक्रात सापडलेल्या माणसाला ‘चालायला लाग’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

मोजमापाचं आधी सांगते, कारण त्यातही गोंधळ फार. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा जो बीएमआय असतो, त्याची लठ्ठपणाची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं ३० वर ओढलेली आहे. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी ती २५ वर आणली. २३च्या पुढे जादा वजन. असं का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली चरबी वजनकाट्यावर फारशी न दिसता पोटात, आतल्या अवयवांभोवती साठते. म्हणून साधी टेप काट्याइतकीच महत्त्वाची: पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८०च्या आत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीत ३९.५ टक्के प्रौढ या पोटाच्या लठ्ठपणात मोडले. म्हणजे दर पाचांत जवळपास दोघं. हा इतका पसरलेला प्रश्न एकेकट्या माणसाच्या जिभेवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यांनी मनावर घ्यायला हवी. दंडाला लहान पडणारा पट्टा बांधून रक्तदाब मोजला की तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. मोठ्या दंडासाठी मोठा पट्टा मिळतो, तो मागा. खुर्च्यांचंही तेच. हाताच्या अरुंद खुर्चीत ज्याला अंग चोरून बसावं लागतं तो माणूस तपासणी व्हायच्या आधीच शरमलेला असतो. माझ्याकडे म्हणून बिनहातांच्या, रुंद, मजबूत खुर्च्या आहेत.

आक्काचा व्यायाम सुरू झाला तो याच खुर्चीवर. भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची, तीवर एक जाड उशी, म्हणजे बैठक उंच होते आणि गुडघा कमी वाकतो. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, पावलं थोडी मागे, गुडघ्यांच्या खाली. अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि मग टाचांवर जोर देऊन उभं राहायचं. सुरुवातीला तळवे मांड्यांवर दाबले तरी चालतात. उभं राहिलं की एक श्वास. आणि मग बसायचं, पण धपकन नाही. मनात एक-दोन-तीन मोजत, खुर्ची लागेपर्यंत स्वतःला सावरून धरत. व्यायाम खरं तर या बसण्यात आहे. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा रखवालदार. पाऊल पडताना बसणारा हादरा तो स्वतः झेलतो. तो दुबळा असला की सगळा मार सांध्यावर.

आक्का म्हणाली, “हा कसला गं व्यायाम? खुर्चीतनं उठायचं नि बसायचं. दिवसभर मी दुसरं काय करते?”

मी म्हटलं, “दिवसभर तू बसतेस. उठतेस ती टेबलाला धरून, हातावर जोर देऊन. आता हात न लावता उठून दाखव.”

तिला उठता आलं नाही. तिचा चेहरा पडला. मी आणखी एक उशी आणून ठेवली, बैठक वाढली, आणि ती उठली. उशी वाढवली यात हरल्यासारखं काही नाही, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. पाच वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा पाच. एक दिवसाआड. जमायला लागलं की उशी काढायची, मग वेळा वाढवायच्या.

तालमी असलेल्या गावात हे सांगणं मला सोपं जायला हवं. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी जोडीला लावत नाही. आधी हौदाची माती उकरायला लावतो, ती पायानं सारखी करायला लावतो. पाठ, खांदे, पकड यांची तयारी त्यातच होते. पोराला वाटतं आपल्याला कामाला जुंपलंय, पण वस्तादाला ठाऊक असतं तो काय घडवतोय ते. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, तिथल्या माणसांना शरीर हळूहळू घडतं हे रक्तातूनच कळायला पाहिजे. तरीही पन्नाशीची, शंभर किलोची बाई व्यायामाला लागली की आपण तिच्याकडून पहिल्या आठवड्यात घाम आणि महिन्यात पाच किलो मागतो.

खुर्चीबरोबर आणखी दोन गोष्टी. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीला लावायचे आणि कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्यायची, परत ढकलायची. म्हणजे भिंतीवरचे जोरच. आणि ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दूध तापेपर्यंत. सूर्यनमस्कार उत्तम आहेत, पण मोठं पोट, वाढलेला रक्तदाब, मनगटांवर येणारा भार हे सगळं धरून ते पहिल्या महिन्यातले नव्हेत. दोरीवरच्या उड्या आणि पळणं तर नकोच. आणि हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं ते कुणी, तेही सांगते: चालताना छातीत दडपण येणारे, बसल्या जागी धाप लागणारे, पायांवर सूज असणारे आणि झोपेत जोरानं घोरताना मध्येच श्वास थांबतो असं घरच्यांनी ज्यांना सांगितलंय ते. या शेवटच्या लक्षणाकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. रात्रभर नीट झोपच न लागलेल्या माणसाला सकाळी चालायला उठत नाही म्हणून आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

मग चालणं. सुरुवातीला घरातल्या घरात, दुकानाच्या मागच्या पॅसेजमध्ये, दोन-तीन मिनिटं. चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. बोलणंही तुटायला लागलं तर हळू व्हायचं. नंतर रंकाळा तलावाचा पदपथ, कारण तो सपाट आहे आणि बसायला जागा आहे. बसायला जागा आहे की नाही हे आधी बघून ठेवावं, कारण मध्ये बसता येईल याची खात्री असली तरच जड अंगाचं माणूस लांब जायला धजतं.

दोन गोष्टी कुणी उघड बोलत नाही, म्हणून लिहिते. एक म्हणजे मांड्या घासणं. साडीच्या परकराखाली मांडीला मांडी घासून चार दिवसांत कातडी सोलवटते, आग होते, आणि बाई चालणं सोडते. कारण मात्र भलतंच सांगते, कारण हे सांगायचं कुणाला? उपाय साधा आहे. आतून गुडघ्यापर्यंतची सुती तंग चड्डी, नाहीतर चालायला जाण्याआधी मांड्यांना व्हॅसलिनचा हात. दुसरी गोष्ट पायताणाची. सपाट चपलेवर शंभर किलो पेलत चालणं टाचेला सोसत नाही. बूट घ्या, पुढे रुंद असलेले, आणि घ्यायचे ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. मधुमेह असेल तर बुटात हात घालून आतून चाचपून बघा. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही.

दहा हजार पावलांचं ओझं तर उतरवूनच ठेवा. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकी स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४०० चालणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि ७५००च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते; सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट २०२०च्या मार्गदर्शनात काढून टाकली आहे. म्हणजे दुकानामागची तीन मिनिटंही हिशेबात धरली जातात. आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी मला फार आवडणारा एक निष्कर्ष: शरीराचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. पाच किलो उतरले तर वीस. आक्काला हा हिशेब लगेच पटला. तिचं आयुष्य तराजूसमोर गेलंय.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळांची निराशा इथंच होते. नुसत्या चालण्यानं वजन फार उतरत नाही. नव्वद किलोचं माणूस साध्या वेगानं अर्धा तास चाललं तर सुमारे दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या साधारण दुप्पट असतात. मग चालायचं कशाला? साखर आटोक्यात यावी, झोप लागावी, गुडघ्याला आधार मिळावा, वजन उतरताना स्नायू झिजू नयेत आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून. वजन उतरतं ते ताटातून.

ताटाच्या बाबतीत महाराष्ट्राला वादाची हौस आहे. २०१८च्या सुमारास घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तट पडले होते. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको, रोज ४५ मिनिटं चाला, मुळात ही कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: थोडं थोडं, वेळेवर खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. माझ्याकडे दोन्हीकडची माणसं येतात आणि दोन्हीकडच्या काहींना फायदा झालेला मी पाहिलाय. मला विचाराल तर ज्यांना झाला त्यांचं एक काम सारखंच झालं: दिवसभराचं येता-जाता तोंडात टाकणं थांबलं. शेव, फरसाण, पोरांनी टाकलेला अर्धा बिस्किटपुडा, चहाबरोबरचं खारी-टोस्ट. पण मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी दोन जेवणांचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतं. व्हॉट्सॲपवरच्या त्या सगळ्या वादात हे एक वाक्य फारच कमी वेळा वाचायला मिळालं, याची मला अजून चीड आहे.

उपवासाचंही बोलायला हवं. एकादशी, दुप्पट खाशी, असं आपले वाडवडील म्हणून गेले ते उगीच नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. वर दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. दाणे वाईट नाहीत, पण ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात आणि वाटीभर खिचडीत ते सहज जातात. आक्काचे उपवास मी मोडायला लावले नाहीत. ती श्रद्धा तिची आहे. वरी मोजून, सोबत काकडी आणि ताक, असं ठरलं.

आपल्याकडे मोजायची पहिली वस्तू कुठली असेल तर ती तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सुचवलेल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला एका माणसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आता हिशेब करा. चौघांच्या घरात १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे, आणि त्यातही तूप वेगळं धरलेलं नाही. आपला डबा किती दिवसांत संपतो, हे ज्याचं त्यानं बघावं. चमचा-चमचा मोजत बसण्यापेक्षा मला ही पद्धत बरी वाटते. डबा आणला की त्यावर तारीख टाकायची. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. मिसळीच्या कटावर जी लाल तर्री तरंगते, ती तेवढी बाजूला काढली तरी पुष्कळ काही वाचतं.

“मटण सोडायचं असेल तर आत्ताच सांग,” आक्का म्हणाली, “मग मी तुझ्या दवाखान्यात येतच नाही.”

सोडायचं नाही. रविवारचं मटण राहू दे. मटणाचे खडे खा, तांबडा रस्सा घे तर्री सोडून, पांढरा रस्सा एकच वाटी, कारण त्यात नारळाचं दूध आणि काजू. आपल्या शाकाहारी ताटात नेमकी प्रथिनंच कमी पडतात, आणि ती कमी असताना वजन उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून दोन्ही वेळच्या जेवणात काहीतरी पाहिजेच: मटकीची उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडी, दही. आणि अर्ध ताट भाजीचं. आपल्याकडे भाजी तोंडी लावण्यापुरती असते, इथं ती पोट भरायला खायची. पोकळा, मेथी, दोडका, घेवडा, काकडीची कोशिंबीर, फळ. भाकरी की चपाती यावर पुष्कळ चर्चा होते. ज्वारीचं पीठ काय, गव्हाचं काय, कॅलरी साधारण सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोटात जास्त वेळ टिकते, एवढं तिच्या बाजूनं नक्की. पण तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच.

आणि गुळाचा चहा. कोल्हापुरात राहून हे लिहायला धीर लागतो, पण गुळात साखरेइतक्याच, फार तर किंचित कमी कॅलरी असतात. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दोनशे कॅलरी नुसत्या गोडाच्या. गूळ आपला आहे, चांगला आहे, सणाच्या पोळीत खावा. साखर सोडून गूळ घेतला म्हणजे पथ्य झालं, असं मात्र नाही.

हे सगळं आक्काला आठवड्याभरात पाठ झालं. अडचण वेगळीच निघाली. ती जेवते सगळ्यांच्या शेवटी. दुकान बंद झाल्यावर, रात्री साडेदहा-अकराला, भांड्यातून थेट. कढईत उरलेली भाजी, पोरांनी ठेवलेला भात, टाकवत नाही म्हणून पातेल्याच्या तळाचं कालवण, त्यातलं तेलासकट. तिला किती खाल्लं हे माहीतच नसायचं, कारण तिला स्वतःचं ताटच नव्हतं. असल्या किती बाया माझ्यापुढे येऊन बसतात. त्यांच्या हातात आहारतक्ता देऊन काय उपयोग? मी मेव्हण्यांशी आणि भाच्यांशी बोलले. आक्काचं ताट पहिल्यांदा वाढून झाकून ठेवायचं आणि आठ वाजता कुणीतरी गल्ल्यावर बसायचं, तिनं उठून जेवायचं. उरलेलं फ्रीजमध्ये. तिच्या पथ्यातला सगळ्यांत मोठा बदल कुठला झाला असेल तर हा, आणि तो तिच्या एकटीच्या हातात नव्हता. बाईचं वजन उतरवायचं असेल तर घरानं हलावं लागतं. पुरुषाच्या बाबतीत आपण हे न सांगता करतो. डॉक्टरांनी त्याला कमी तेलाचं सांगितलं की अख्ख्या घराची फोडणी बदलते.

पहिल्या वर्षात तिचं सात-आठ किलो उतरलं आणि मग काटा थांबला. खाणं तेच, चालणं तेच, काटा ढिम्म. तेव्हा मी तिला शरीराचा स्वभाव सांगितला. वजन उतरायला लागलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवतं, खर्च कमी करतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेच्या एका टीव्ही कार्यक्रमातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होतं. हे वाचल्यावर मी ‘जिद्द कमी पडली’ हे शब्द कुठल्याच रुग्णापुढे काढले नाहीत. आणि थांबलेला काटा म्हणजे काम थांबलं असंही नाही. अमेरिकेतल्या मधुमेह रोखण्याच्या २००२च्या प्रसिद्ध चाचणीत उद्दिष्ट होतं फक्त सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, आणि तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या चाचणीत (२००६) आहार-व्यायामानं ते २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजन जवळपास न उतरता. आक्काची साखर खाली आली, रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली.

काट्यानं न मोजता येणारं मात्र पुष्कळ बदललं. ती स्वतःच्या पायाची नखं स्वतः कापते. इतकी वर्षं तिची नखं तिची सून कापायची, आणि आक्का त्या वेळी भिंतीकडे बघत बसायची. आता पाटावर बसून, पाय जवळ ओढून, कटर नीट धरून ती करंगळीपर्यंत पोचते. निऱ्या खाली वाकून सारख्या करते. पंगतीत खाली बसते आणि उठताना एकच हात टेकते. मी माझ्या वहीत वजनाच्या रकान्याशेजारी या गोष्टी लिहून ठेवते, सगळ्याच रुग्णांच्या, कारण काटा रुसतो त्या महिन्यात दाखवायला तेच उपयोगी पडतं.

२०२५ पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळायला लागली आहेत, शस्त्रक्रिया तर आधीपासून आहेच. यांतलं काही घेणाऱ्याला ‘सोपा मार्ग काढला’ म्हणू नये. ज्याला गरज आहे त्यानं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं. फक्त त्यातही प्रथिनं आणि खुर्चीची उठबस सुटू नये, कारण वेगानं उतरणाऱ्या वजनात स्नायूही वेगानं जातात.

आता आक्काच्या डोक्यात जोतिबा आहे. लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर डोंगर पायी चढायची, ते तिला पुन्हा करायचंय, आणि चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत नाही, एखाद्या साध्या दिवशी, पहाटे. मला आठवड्यातून दोनदा विचारते. चढायला मी हो म्हटलंय. पावसाळा संपेपर्यंत दवाखान्याच्या जिन्याची एकेक पायरी वाढवत नेऊ. उतरायला नाही म्हटलंय. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे चढण्यापेक्षा जास्त भार येतो आणि तिचा उजवा गुडघा अजून तेवढा तयार नाही. भाचा गाडी घेऊन वर येणार आहे. ती म्हणते, “चढेन मी, उतरेनही. तू बघ.” मी पायरीवरून हळू उतरण्याचा व्यायाम तिला कालपासून दिलाय, एका हातानं कठडा धरून.